धाकटीची अर्धशिशी

कळंबजवळच्या एका खेड्यात रुखमाबाई थोरली सून होती, आणि धाकट्या जावेचा, इंदूचा, तिला मनापासून हेवा वाटायचा. लुगड्यांचा नव्हे, दागिन्यांचा नव्हे. इंदूच्या दुखण्याचा.

इंदूला अर्धशिशी होती. महिन्यातून दोनदा तिचं अर्धं कपाळ ठणकायचं, उजेड सोसायचा नाही, ओकाऱ्या व्हायच्या. मग सासू खोलीचं दार लोटून घ्यायची, सुंठ उगाळून लेप लावायची. इंदूचा नवरा पंजाबराव बैलांच्या गळ्यातल्या घंटासुद्धा काढून ठेवायचा. सारं घर कुजबुजत बोलायचं.

रुखमाबाईची मान सहा वर्षांपासून धरलेली होती. वेचणीच्या दिवसांत कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती वावरातून घरी यायची. मानेपासून खांद्यात, खांद्यातून पाठीत कळ उतरायची. सकाळी उठताना आधी कुशीवर वळून, हाताचा टेका घेऊन बसावं लागे. पण ती उठत होती, चूल पेटवत होती, वावरात जात होती. म्हणून तिचं दुखणं कोणाला दुखणं वाटत नसे. एकदा तिनं सासूला सांगितलं, तर सासू म्हणाली, एवढं तर सगळ्याच बायांचं दुखते.

बासष्ट सालच्या हिवाळ्यात, ऐन वेचणीत, इंदू पुन्हा दोन दिवस निजून होती. तिच्या वाट्याच्या ओळीही रुखमाबाईनंच वेचल्या. तिसऱ्या दिवशी इंदू हसतमुखानं उठली, आणि रुखमाबाईच्या मनात काहीतरी कडू उसळलं. तिनं कपाळाला फडकं बांधलं आणि ती अंधाऱ्या खोलीत जाऊन पडली. माझंही अर्धं डोकं दुखते, म्हणाली.

घर घाबरलं. सासूनं लेप आणला. नवरा, बाबाराव, दारात येऊन दोनदा विचारून गेला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण असं त्यानं कधी विचारलं नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि हे सुख इंदूला कायमचंच मिळते, या विचारानं आणखी जळजळ झाली.

दुपारी इंदू उशाशी येऊन बसली. कोणत्या बाजूला दुखते, तिनं विचारलं. रुखमाबाईनं उजवीकडे बोट दाखवलं. थोड्या वेळानं इंदूनं पुन्हा विचारलं, तेव्हा डावीकडे. कपाळ चेपता चेपता इंदूचे हात मानेवर गेले आणि थांबले. मानेच्या दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी होत्या. तिनं दाबल्या तशी रुखमाबाई कळवळली. हे काही सोंग नव्हतं.

"बाई," इंदू हळूच म्हणाली, "हे मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय होते?"

त्या संध्याकाळी जेवताना इंदूनं सगळ्यांसमोर विषय काढला. सोंगाचा एक शब्दही काढला नाही. "बाईचं डोक्याचं नोहे, मानेचं आहे," ती म्हणाली. "दगडावानी झाली आहे मान. डोक्यावर ओझं देऊ नोका तिले."

दुसऱ्या दिवशी बाबाराव कापसाचं गाठोडं न्यायला बैलगाडी थेट वावरात घेऊन आला. पुढच्या आठवड्यात त्यानं तिला यवतमाळच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हे जुनं आहे, पुरतं जाणार नाही; पण ओझं सोडा, रोज गरम विटेनं शेका, मान हळूहळू फिरवत जा. इंदू रोज वीट तापवून, फडक्यात गुंडाळून आणून द्यायची.

उन्हाळ्यापर्यंत रुखमाबाईला टेक्याशिवाय उठता येऊ लागलं. पण हेवा काही गेला नाही, त्यानं फक्त जागा बदलली. सहा वर्षं आपली मान दुखत होती, सासूला सांगितलं तेही तिनं मनावर घेतलं नाही, आणि धाकटीनं जेवताना एकदा सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी गाडी आली. बाबाराव आता सकाळी विचारायचा, मान कशी आहे. ती बरी आहे म्हणायची. हे विचारायला त्याला कोणी शिकवलं, ते ती विसरत नसे.