फुकटचं घर

मालकानं आमच्या चुलीवरच्या मडक्याचं झाकण काठीनं उडवलं. हात लावला नाही. काठीच्या टोकानं ढकललं, झाकण राखेत पडलं. त्याच्या मागून तीन पाहुणे वाकून मडक्यात बघत होते. आत करांदे उकडत होते. आयनं सकाळी डोंगरात जाऊन खणून आणलेले कंद.

"बघा," मालक म्हणाला. "भाडं नाही, भाजी नाही, किराणा नाही. रान आहे तोवर यांना खर्चच नाही. आता बोला, तुमचं पुणं स्वस्त की आमचं बदलापूर?"

पाहुणे हसले. एकानं नाकाला रुमाल लावला होता. तोही रुमालाआडून हसला.

मालक दादरचा. हवा खायला म्हणून त्यानं बदलापूरला, स्टेशनापासून लांब, बंगला बांधला होता. आम्ही ठाकर, वरच्या वाडीतले. बाबा त्याची आंब्याची कलमं राखायचा. त्याबदल्यात बंगल्याच्या मागच्या कोपऱ्यात झोपडी बांधायला जागा मिळाली होती. रविवारी मालक पाहुणे घेऊन यायचा. त्या दिवशी ओसरीवर त्यांचा वाद रंगला होता, कुठं राहणं परवडतं याचा. मी खाली अंगण झाडत होते, सगळं ऐकत होते. एक म्हणाला, दादरला पागडी दिल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. पुण्याचा म्हणाला, आमच्याकडे वाड्यात खोल्या मिळतात, पण पाण्यासाठी भांडणं. तिसऱ्यानं उल्हासनगरचं काढलं, तिकडं निर्वासितांच्या कॅम्पात कापड स्वस्त मिळतं म्हणे. मालक मध्येच उठला. "चला, सगळ्यात स्वस्त संसार दाखवतो."

आणि ते आमच्याकडे निघाले.

आयला वाटलं, पाहुणे आले. आमच्यात दारात आलेला माणूस पाहुणाच असतो, दुसरा शब्दच नाही त्याला. तिनं घाईघाईनं घोंगडी अंथरली. गुळाचा खडा काढला, तांब्या भरला. "बसा," म्हणाली. पदर सावरत, हसत म्हणाली. कुणी बसलं नाही. पाण्याकडे कुणी बघितलं नाही. मालकाच्या बुटाचा पाय घोंगडीवर पडला, तोच पाय तसाच चुलीपर्यंत गेला. मग काठी, मग झाकण. एकानं आमची उतरंड मोजली. एकानं वर बघून विचारलं, "पावसाळ्यात गळत नाही का?" विचारलं मालकाला. आय समोर उभी होती, तिला नाही.

ते गेल्यावर आयनं तांब्यातलं पाणी बाहेर ओतलं आणि ती बराच वेळ राखेतलं झाकण पुसत बसली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "माझाच चुकला. मला वाटला पाव्हणं."

ते ऐकून माझ्या डोक्यात जाळ झाला. अजून आहे.

फुकट! बाबा दिवसा झाडांना पाणी घालायचा, रात्री राखण करायचा. पगार म्हणून भात मिळायचा, तोही मालकाच्या मर्जीनं. आय बंगला सारवायची, विहिरीवरून पाणी भरायची, पाहुण्यांच्या लुगड्यांचे पिळे वाळत घालायची. मी अंगण झाडायची. आय आणि मला एक छदाम नाही. का? तर जागा दिलीय ना. पागडी देणारा माणूस एकदा देतो आणि मोकळा होतो. आम्ही रोज सकाळी उठून पागडी देत होतो आणि वर उपकारात राहत होतो.

पुढच्या रविवारी पुन्हा पाहुणे आले. नवे. या वेळी बायकाही होत्या. मालकाला खेळ आवडला होता. मी त्यांना आंब्यांतून येताना बघितलं. आय जेवायला बसली होती. मी दारात जाऊन बसले, दोन्ही पाय चौकटीला लावून.

"ऊठ गं," मालक म्हणाला.

"आत नाय यायचा. आय जेवते."

त्याला आधी कळलंच नाही. मग तो पाहुण्यांकडे बघून हसला. "जागा कुणाची आहे, माहीत आहे ना?"

"जागा तुमची. घर आमचा हाय."

बाबा कुठूनसा धावत आला आणि पाहुण्यांच्या देखत त्यानं माझ्या थोबाडीत मारली. मी पडले नाही. पाय काढले नाहीत. दुसरी मारली. तरी नाही. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "अहो, राहू द्या ना, चला." मालकाचा चेहरा तेव्हा उतरला. खेळ फसला होता त्याचा.

"संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करा," तो म्हणाला.

बाबा त्याच्या पाया पडायला वाकला. आय ताट बाजूला सारून उठली, हात धुतले आणि कोयत्यानं कुडाच्या दोऱ्या कापायला लागली. कारवीच्या काठ्यांची एकेक जुडी बाहेर येऊ लागली.

मालक ओरडला, "झोपडी राहू दे! पुढच्या राखणदाराला होईल."

आयनं मागं न बघता सांगितलं, "कारवी माझी हाय. डोंगरातून मी आनली."

इतकी वर्षं त्या माणसासमोर ती एवढं मोठं वाक्य बोलली नव्हती. संध्याकाळी तिथं फक्त चुलीचा काळा डाग उरला. आम्ही आमच्या भिंती डोक्यावर घेऊन निघालो.

कारवी वाडीवर मामाकडे टाकली आणि उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आलो. बराकीतला एक कोपरा, मध्ये गोणपाटाचा पडदा, पलीकडे एक सिंधी बाई. तिचं स्वतःचं घर तिकडं पाकिस्तानात राहिलं होतं. आय बाजारात हमाली करू लागली, मी अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात जाऊ लागले. आणि मालक खोटं बोलत नव्हता, हे कळलं. इथं सगळं विकत. लाकूड विकत, पाला विकत. पाण्याला रांग. भाडं देऊन झालं की हातात उरायचं ते बघून बाबा रोज चिडचिड करायचा. "बदलापूरला सोन्यासारखा होता. हिच्यामुळं गेला."

भाडं घ्यायला सिंधी बाई यायची. पडदा बोटानं सारला असता तर सरकला असता. ती बाहेर उभी राहायची. "बेटी, अंदर आऊं?" असं कुणी विचारतं, हे मला माहीतच नव्हतं.

पुढच्या दिवाळीनंतर मालकाचा माणूस शोधत आला. नवे राखणदार टिकले नव्हते. "मालक सगळा विसरलं. परत या. जागा फुकट." बाबाचा चेहरा फुलला. तो गाठोडं बांधायलाच उठला.

मी त्या माणसाला म्हटलं, "मालकाला सांग, राखणदार पायजे तर पगार बोल. जागा नको."

बाबानं हात उगारला. मी त्याचं मनगट धरलं. कारखान्यात काम करून माझ्या हातात बळ आलं होतं. "तुला जायचा तर जा," मी म्हटलं. "आय न मी नाय येनार." आय मान वर करून माझ्याकडे बघत होती. ती उठली आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

बाबा गेला नाही. महिनाभर माझ्याशी बोललाही नाही. नाही बोलला तर नाही.

आजही लोक मला सांगतात, इकडं खोली स्वस्त आहे, तिकडं तर कामाबदली फुकट देतात. मी एकच विचारते, तिथला मालक आत येताना विचारतो का? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी भाड्याचा आकडा ऐकून घेत नाही.