खवल्या मांजराचा रिपोर्ट

तेलुगू मुलखातल्या, बेल्याकडच्या आमच्या गावात कापसाची वावरं संपली, की सागाचं उरलंसुरलं रान लागतं. एवढंसंच, पण कागदोपत्री राष्ट्रीय उद्यान. त्याचा वॉचर आमच्याच गावचा, माझ्या काकाच्या वयाचा. आठ वर्षं तो एकाच जनावराच्या मागं होता : खवल्या मांजर. उकरलेली वारुळं दिसायची, जनावर काही दिसायचं नाही. "काका, तुमचं मांजर तुमाले पाहूनच पळते वाटते," असं मी शाळेच्या फाटकाशी त्याला चिडवायचो. तो हसायचा. "एक डाव जितं दिसू द्या गुरुजी, मंग नोकरी गेली तरी चालते."

माझ्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रानाला लागून मोहाचं झाड आहे. फुलं वेचायची तर आधी खालचा पाचोळा काढावा लागतो. बायको दरसाल खराट्यानं झाडते. गेल्या साली ती माहेरी होती, आणि मी पडलो मास्तर! भर दुपारी वाकून झाडत बसलो तर लोक काय म्हणतील? काडी ओढली न् पाचोळ्याला लावली. बरेच जण लावतात, पण जवळ उभे राहतात. मला फोन आला. बोलत बोलत बोरीच्या सावलीत गेलो. मागं वळलो तर आग धुरा ओलांडून रानात शिरलेली.

ओरडायचं होतं, माणसं बोलवायची होती. मी गाडीला किक मारली आणि घरी येऊन दार लावलं. वरून चहा केला! थू माझ्या मास्तरकीवर.

वॉचरनं एकट्यानं पळसाच्या डहाळ्यांनी झोडपून झोडपून आग विझवली. सकाळी तो दारात आला. हातावरचे केस जळालेले. "चला गुरुजी, दाखवतो."

वारुळापाशी काळी पडलेली एक गुंडाळी होती. "भेलं की असं गोल होऊन बसते," तो म्हणाला. "पळत नाय, येडं." त्यानं ती दुपट्ट्यात उचलून छातीशी धरली. "आठ साल, गुरुजी." मग तो रडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो हात मला अजून नकोसा वाटतो.

"सायबाले तेलुगूत रिपोर्ट पायजे. मले लिवता येत नाय, तुमी लिवा." तिथंच बसून मी सुंदर अक्षरात लिहिलं. आग कोणी लावली : माहीत नाही. त्याखाली त्यानं विश्वासानं अंगठा उठवला.

यंदा मोह गळायच्या आधीच तो खराटा घेऊन माझ्या धुऱ्यावर हजर. मी म्हटलं, "काका, हे काऊन?"

"कोनी पुन्हा आग लावू नये म्हनून," तो म्हणाला, आणि माझ्या झाडाखाली वाकून झाडू लागला. "तुमी बसा गुरुजी, सावलीत."

मी बसलो.