उद्यामास्तरांनी ‘उद्या’ सोडला

आमचे हे शिंपी. सगळी गल्ली त्यांना उद्यामास्तर म्हणते, आणि ते नाव त्यांनी स्वकष्टाने मिळवलंय. कापडाला कात्री लागलेली नसली तरी गिऱ्हाइकाला सांगणार, “झालंच आहे, फक्त काज-बटण राहिलंय. उद्या या.” पोस्टमनची पँट तयार होईपर्यंत बिचाऱ्याची कंबर दोन इंचांनी वाढली होती. लग्नाला तीस वर्षं झाली, पण हे “झालं” म्हणाले की मी कापड उलटून बघितल्याशिवाय राहत नाही.

एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी संयमावर उपदेश केला. म्हणाले, प्रत्येकाने आपल्या एका सवयीला सहा आठवडे लगाम घालावा. कोणी साखर सोडली, कोणी चहा. मी नणंदेबद्दल बोलणं सोडलं आणि बुधवारपर्यंत टिकले. यांनी घरी येऊन जाहीर केलं, “मी ‘उद्या’ सोडला. खरी तारीख सांगणार आणि ती पाळणार.”

मला हसू आवरेना. पण हे हट्टालाच पेटले. पहाटे उठून प्रार्थना, मग मशीन. पहिल्या आठवड्यात तोंडातून “उ” निघायचा आणि हे जीभ चावायचे. एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, “मास्तरांची तब्येत बरी आहे ना?”

चौथ्या आठवड्यात, सोमवारी, आमची लेक दुकानात आली. शनिवारी तिचं लग्न. तिचा पांढरा गाऊन हेच शिवणार होते, आणि आधी दोन महिने तिलाही “झालंच आहे” ऐकवत आले होते. यांनी निर्धार केल्यापासून तिने विचारलं नव्हतं, आणि न विचारल्याचं उत्तर द्यावं लागत नाही, एवढी पळवाट यांनी ठेवली होती.

“बाबा, गाऊन कधी मिळेल?”

मशीन थांबलं. “पुढच्या बुधवारी.”

“लग्न शनिवारी आहे, बाबा.”

“माहीत आहे. कापड अजून कापलेलं नाही. तुझ्याआधी सहा जणांना तारखा दिल्यात.”

लेक रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कापडाच्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. मग मीच तोंडाचा पट्टा सोडला. “सांगा त्या सहा जणांना उद्या या म्हणून. तीस वर्षं सांगितलंत, आठवडाभर अजून सांगा.”

यांनी चपला घातल्या आणि सहाही दारं गाठली. सगळीकडे खरं तेच सांगितलं: शब्द दिलाय, हवा असेल तर कपडा वेळेवर मिळेल, थांबलात तर माझ्या लेकीचा गाऊन होईल. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “मला कोट गुरुवारीच हवा.” त्यांना गुरुवारी मिळाला. बाकी पाच जण थांबले. पोस्टमन म्हणाला, “माझा शर्ट उद्या द्या, मास्तर. मला सवय आहे.”

शनिवारी लेक गाऊन घालून उभी, आणि हे गुडघ्यांवर बसून खालची दुमड हाताने शिवतायत. पाळकसाहेबांचा निरोप आला, “मंडळी जमली. किती वेळ?”

“वीस मिनिटं,” हे म्हणाले. वीसच लागली. दोरा दातांनी तोडून म्हणाले, “झालं.”

लेकीने माझ्याकडे बघितलं. शिवण उलटून बघायला माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला.

“चल,” मी म्हटलं, “बाबा झालं म्हणालेत.”