लेप तीन

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, उगाच कपड्यांवर सांडेल. नीट ऐकून घेणारा माझ्यासारखा माणूस अख्ख्या नाशकात नाही, असा माझा समज होता.

नात सावी तिसरीत. आमची ही तिला गुटगुटीत म्हणते. वर्गातली पोरं वेगळं काही म्हणतात. खो-खोच्या संघात शिरायची तिला भारी हौस, पण जरा पळाली की छातीतून शिट्टी वाजायची. मुलगा-सून अंबडला कामावर, म्हणून डॉक्टरांकडे तिला मीच नेलं.

"काका, वजन जास्त असलं की चरबीतून लेप्टिन जास्त सुटतं. त्याने श्वासनळीची सूज वाढू शकते. श्वासाचा पंप चालू ठेवा, खाण्याकडे लक्ष द्या."

मी मोबाइलवर सोसायटीचा ग्रुप बघत मान डोलावली. ऐकलं काय? चरबी, सूज आणि लेप तीन.

घरी पोचायच्या आत ग्रुपवर टाकलं, 'शेवटी मोठे डॉक्टरही आजीबाईच्या बटव्याकडे वळले.' धडाधड अंगठे आले. कुणी हळद सुचवली, कुणी सुंठ, कुणी मेथी. झाले की तीन!

"अहो, डॉक्टरांना एकदा विचारा तरी," ही म्हणाली.

"या कानांनी ऐकलंय मी."

पंप ही वेळेवर देत होती, म्हणून बरं. पण सावी छातीला लेप लावू देईना. शेवटी तह झाला, एका लेपाला एक जिलबी. इतका गुणी पेशंट तुम्ही पाहिला नसेल. रविवारी तर तिने चौथा लेप मागितला. आणि पोरीने एकटीने खायचं का? सोबतीला मी होतोच.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी वजनकाटा दोनदा बघितला. "आणि ही छाती पिवळी कशाने?"

"तुम्हीच सांगितलेले लेप तीन."

"काका, लेप्टिन. चरबीतून रक्तात जाणारं हार्मोन आहे ते. पण वजन वाढलं कशाने?"

"जिलबीने," सावीने सांगून टाकलं.

माझ्या शहाणपणापायी पोरीचा खो-खो लांबला, याचं मात्र मनापासून वाईट वाटलं. आता जिलबी बंद, पंप चालू आणि संध्याकाळी आम्ही दोघं जॉगिंग ट्रॅकवर.

परवा चालता चालता तीच शिट्टी ऐकू आली. घाबरून मी खिशातून तिचा पंप काढला. ती मजेत पुढे उभी होती.

"आजोबा, शिट्टी तुमची वाजतेय. लेप किती लावू?"