घोडे हाकणारा सांगाडा आणि दादांचा बहार

अमरावतीच्या एका कलादालनात जुन्या युरोपीय मुद्राचित्रांच्या प्रतिकृती मांडल्याचे वाचले आणि मी जाण्याचे निश्चित केले. खरा हेतू वेगळा होता. वरूडला संत्र्याची बाग असलेले माझे थोरले बंधू, दादा, छातीत दुखत असूनही हृदयतज्ज्ञांना भेटणे तीन महिने टाळत होते. “संत्र्याचा बहार उतरला का जाऊ,” हे ठरलेले उत्तर; म्हणजे फळे तोडून झाली की. ते एका लग्नानिमित्त आमच्याकडे अकोल्याला आले होते. त्यांना न सांगता मी अमरावतीत दुपारी चारची वेळ घेतली.

सकाळी आठला गाडी काढली. मूर्तिजापूर, बडनेरा मार्गे दोन तास पुरतात. आम्हाला अडीच लागले, कारण दादांनी वाटेत सांबारवडीच्या दोन प्लेटी मागवल्या. कोथिंबिरीची ही तळलेली वडी कढीसोबत गरमच खावी. हृदयरुग्णाने खाऊ नये.

प्रदर्शनाला प्रवेशशुल्क नाही. दीड तास हाताशी ठेवावा. लाकडी ठशांवरून आणि तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून छापलेली, काही शतकांपूर्वीची चित्रे: कवटी, वाळूचे घड्याळ, विझती मेणबत्ती. एका मालिकेत मृत्यू सांगाड्याच्या रूपात राजा, वैद्य, व्यापारी अशा प्रत्येकाला न्यायला येतो.

शेतकऱ्याच्या चित्रापाशी दादा थबकले. म्हातारा नांगर धरून आहे. सांगाडा घोडे पळवतो आहे, मागे नांगराची रेघ, म्हणजे तास, उमटते आहे.

“तास वाकडं जाऊन राह्यलं ना बे! याले औत हाकनं कोनं शिकोलं?”

“काका, ते मृत्यूचं प्रतीक आहे,” माहिती देणारी विद्यार्थिनी म्हणाली.

“असू दे बाई. घाई केली का तास वाकडंच जाते.”

मग त्यांनी आधी म्हाताऱ्याकडे, नंतर सांगाड्याकडे बोट दाखवले. “अर्धं वावर राह्यलं याचं. अन् तो काही थांबून नाही राह्यला.” माझ्याकडे वळून म्हणाले, “डॉक्टरनं कितीले बलावलं?”

मी गडबडलो. “तुमाले कोनं सांगतलं?”

“चित्रं पाहाले तू मले आजवर कवा नेलं? अन् सकाळपासून घड्याळ पाहून राह्यला. तुहंच चित्र काढा लागत होतं यायनं.”

दवाखान्यात बाकावर बसल्यावर त्यांनी विचारले, “तू कवा तपासून घेतलं?”

“मार्च संपला की. वर्षअखेरची कामं हायेत,” मी म्हणालो. ते नुसते हसले.

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत दोन रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. स्टेंट बसले. प्रदर्शनातून निघताना घेतलेली नांगराच्या चित्राची प्रत आता दादांच्या बागेतल्या पंपाच्या खोलीत आहे. घरात वहिनींनी खिळा ठोकू दिला नाही.

परवा दादांचा फोन आला. “बहार उतरला. माह्याबिगर उतरला, सांग आता!” आवाजात किंचित तक्रार होती. “तुहा मार्च कवा संपते?”

मंगळवारी साडेअकराची माझ्या तपासणीची वेळ घेतली आहे. दादा सोबत येणार आहेत. वाटेत वडीसाठी थांबायचे नाही, ही अट त्यांचीच.