कॉम्प्रेशन ऐकणारे मामा

महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या पट्ट्यात फोर-स्ट्रोकचं असं एकही छोटं इंजिन नसेल, ज्याला माझ्या बायकोच्या मामांनी कान लावलेला नाही. शेतातले पॉवर टिलर, विहिरीवरचे पंप, गवत कापायची यंत्रं, लग्नातले जनरेटर, सगळे आजारी पडले की मामांच्या पडवीत येऊन बसतात. तक्रार बहुतेक एकच: दोरी ओढली की हाताला जोर लागत नाही, भसकन हातात येते आणि इंजिन काही उठत नाही. म्हणजे कॉम्प्रेशन, आत कोंडलेल्या हवेचा दाब, गेलं. अशा वेळी बाकीचे मेकॅनिक पाना उचलतात, मामा सायकलचा पंप उचलतात. एक जुना स्पार्क प्लग पोखरून त्यांनी त्याला सायकलच्या ट्यूबचं तोंड बसवलंय. पिस्टन वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह मिटवायचे, त्या प्लगमधून हवा मारायची आणि ती कुठून पळते ते ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेकचा, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. "डॉक्टर पोट फाडून मग इचारतो काय, कुठं दुखतंय म्हणून?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं, जे मी निदान पन्नास वेळा ऐकलंय: "ज्या दिवशी न खोलता सांगता येणार नाय, त्या दिवशी पाने गुंडाळून माळ्यावर."

ऐकायचं म्हणजे शांतता हवी. पंप सुरू झाला की घरातला पंखा बंद, टीव्ही बंद, शिटीवर आलेला कुकर खाली. कशेडीकडे जाणाऱ्या ट्रकांनाही मामा हात वर करून थांबायला सांगतात. ट्रक अर्थातच थांबत नाहीत, मग मामा थांबतात. माझी बायको त्यांच्याकडेच वाढली, म्हणून मुलगी बघायला मी तिथेच गेलो होतो. इस्त्रीच्या शर्टात पडवीत पाऊल टाकलं तोच मामांनी पंप हातात दिला आणि म्हणाले, "जोर सोडू नका." मुलगी पोहे घेऊन येऊन उभी राहिली, पोहे गार झाले, मी आपला हवा मारतोय. शेवटी मामांनी माझ्या सासऱ्यांना निकाल दिला, "पोरगा दमाचा हाय." लग्न त्यावरच ठरलं असं बायको अजून सांगते.

आमच्याकडची माणसं लावणी झाली की टिलर चिखलासकट गोठ्यात ढकलून देतात. व्हॉल्व्ह उघडा राहतो, पावसाळी हवा आत शिरते, गंज धरतो. मामांना ते सहन होत नाही. एकदा कुणाकडे सत्यनारायणाला आम्ही बरोबर गेलो होतो. आरती सुरू झाली आणि मामा गायब. बघतो तर गोठ्यात, नव्या धोतरात, यजमानांच्या टिलरची दोरी हळूहळू ओढतायत. हाताला घट्ट लागली की सोडून द्यायची, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. "तोंड मिटून झोपवायचं त्याला," मला म्हणाले, आणि तेलाच्या हातानं तीर्थ घ्यायला गेले.

गेली दोन वर्षं मामांचा कान दगा देतोय. हे मामा सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. कुवेतहून परत आलेल्या एका गृहस्थांच्या विहिरीवरच्या पंपाला त्यांनी रिंगा सांगितल्या, बसवल्या, पंप तसाच राहिला. त्या भल्या माणसानं गुपचूप दुसरीकडून व्हॉल्व्ह करून घेतला आणि मामांपुढे हूं की चूं केलं नाही. उलट मामा भेटले की पंप मस्त चाललाय म्हणून सांगतो. इतकी मंडळी एका माणसाचा कान सांभाळतात, याचं मला नवल वाटतं आणि बरंही वाटतं.

यंदा माझाच टिलर बसला. भाताचं आवण लावणीला तयार, शेतात पाणी, चिखलणी बाकी. मामांच्या पडवीत मी पंप मारायला लागलो आणि पहिल्याच दमाला सायलेन्सरमधून फुस्स आवाज आला. मला उभ्यानं ऐकू आला. मामांनी सायलेन्सरला कान लावला, मग कार्बोरेटरला, मग ऑइलच्या तोंडाला. डोकं वर करून म्हणाले, "मिक्सर बंद कर गो." मामी उंबऱ्यात कुळीथ निवडत बसल्या होत्या. मिक्सर आत फळीवर, झाकून ठेवलेला. मामी उठल्या, आत जाऊन कसलंसं बटण खटकन दाबून आल्या आणि म्हणाल्या, "केला हो."

मामांनी पुन्हा तिन्ही ठिकाणी कान लावला. "रिंगा असतील," म्हणाले. वीस वर्षांत 'असतील' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. फार वाईट वाटलं. त्यांनी पाना उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि खाली ठेवला. "जावईबापू, पंप आना इकडं. तुम्ही कान लावा."

मी वाकलो. गरज नव्हती, तरी जरा वेळ तसाच राहिलो.

"सायलेन्सर, मामा."

"मोठा हाय आवाज?"

"नाही हो. अगदी बारीक. मलाही आधी कळला नाही."

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "मला तर काय सुदीक ऐकू आलं नाय."

"बारीक असंल तर चुकतं," मामा म्हणाले. मग झाकण खोलून त्यांनी एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हचा बुजलेला गॅप, ज्यानं तो पुरता मिटत नव्हता, मापाच्या पत्तीनं बरोबर केला. त्यांच्या बोटांना अजून कुणी शिकवायला नको. दोरीला जोर लागला आणि टिलर सुरू झाला.

आता पडवीत इंजिन आलं की मामींचा फोन येतो. "एक बारीक आवाज हाय म्हणतायत, येऊन जावा." मी महाडहून स्कूटर काढतो. परवाचा कार्बोरेटरमधला आवाज मला फाटकातच ऐकू आला होता. तरी मी खाली बसलो, डोळे मिटले आणि बराच वेळ कान लावून राहिलो. मामा पंप मारत होते.