नवराच नायक हवा

फिनलंडची एक नटी एकदा नागपुरात आमच्या तालमीला येऊन बसली होती. माझ्याच वयाची, म्हणजे दोघींनाही आता आजीच्या भूमिकांसाठीच बोलावणी येण्याचे दिवस. दुभाष्या मध्ये बसवून आम्ही चहा प्यालो. तिकडे म्हणे नाट्यशाळेची प्रवेशपरीक्षा असते, मग एखाद्या शहराच्या नाट्यगृहात पगारी नोकरी, उन्हाळ्यात रात्रीही उजेड असतो तेव्हा सिनेमाचं चित्रीकरण आणि उतारवयात टेलिव्हिजन. रस्त्यातली पोरं आपल्याला मालिकेतली आजी समजून हाका मारतात, हे सांगताना ती भलतीच खुशीत होती. मग तिनं विचारलं, "तुमची परीक्षा कुणी घेतली?"

"सासऱ्यांनी," मी म्हटलं. दुभाष्याला वाटलं मी थट्टा करतेय, म्हणून त्यानं मला पुन्हा विचारलं.

थट्टा नव्हती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. माझं माहेर नांदुऱ्याचं. रेल्वेचं गाव, हातात कापसाचा पैसा, त्यामुळे नाटक कंपन्या हमखास उतरायच्या आणि वडील मला घेऊन पुढच्या रांगेत बसायचे. लग्न होऊन उंद्रीला आले ती शेतकऱ्याच्या भरल्या घरात. तिथं नाटक वर्षातून एकदा, यात्रेला, गावातल्याच हौशी मंडळींचं. मी मात्र विहिरीवर धुणं आपटताना अख्खे अंक म्हणून दाखवायची. बायका हसून बेजार व्हायच्या, आणि धुणं तसंच राहायचं.

यात्रेच्या नाटकात बाईचं काम दरवर्षी शिंप्याचा मुलगा करायचा. त्या साली तो फौजेत भरती झाला. नाटक बसवणारे शाळेचे मास्तर हवालदिल झाले, तेव्हा त्यांच्या बायकोनं त्यांना विहिरीवरची हकिकत सांगितली. मास्तर टोपी सावरत आमच्या ओसरीवर आले. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. बाईनं नाटकात काम करणं म्हणजे काय, हे त्या गावात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सासूबाईंना हाक मारली. सुनेशी सासऱ्यानं थेट बोलायची रीत नव्हती. मी चार हातांवर असले तरी निरोप सासूबाईंमार्फतच जायचा.

"तिले सांग, उभी राह्यची तं नवऱ्यासंगं राह्य. दुसऱ्या कोन्या गड्यासंगं नाई. आन् हसं झालं तं पुन्हा या घरात नाटकाचं नाव नाई निघनार."

मी आत आनंदानं भिंतीला टेकले, आणि लगेच निरोपाचा अर्थ ध्यानात आला. माझा नवरा! स्वभावानं सोन्यासारखा माणूस. बुजलेल्या बैलाला नुसत्या हाकेनं उभं करायचा, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायचा. त्या माणसाला नायक करायचं, आणि माझं सगळं त्याच्या जिभेवर सोडायचं.

रात्री यांनी हात टेकले. "अवं, माह्यानं नाई होत हे. काऊन माह्या मागं लागली तू?"

"तुमी नाई उभे राह्यले तं मले बी उभं राहता नाई येत," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी हे मास्तरांकडून नाटकाची वही घेऊन आले.

तालमी शाळेत झाल्या. नाटक असं होतं की नवरा शहरात शिकून बऱ्याच वर्षांनी परत येतो, बायकोला गावंढळ ठरवून टाकून द्यायला निघतो, आणि ती त्याला जाब विचारते. नायिकेचं डोकं उघडं हवं, असं मास्तरांनी बजावून सांगितलं होतं. यांनी शेतात पाणी देताना वाक्यं घोकली, बैलांना म्हणून दाखवली, आणि शेवटी शेवटी बरं बोलायला लागले. मलाही वाटलं, निभावेल. तरी झोप नव्हती. घास तोंडात फिरायचा. सासूबाई म्हणायच्या, "काय व, पोटात हाय काय काही?" आणि मी लाजण्याऐवजी रडकुंडीला यायची.

लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं. गॅसबत्त्या पेटवायच्या कशावर? मास्तरांनी नाटक ऊन कलल्यावर, दिवसाउजेडी ठेवलं. सगळ्यांना ती सोय वाटली. पण बत्त्यांच्या झगमगाटात रंगमंचावरच्या माणसाला समोरचं कुणी दिसत नसतं, आणि दिवसा एकूण एक चेहरा दिसतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि वडीलधाऱ्यांसमोर आम्ही नवराबायको आजवर एकमेकांशी एक अक्षर बोललेलो नव्हतो, हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. मास्तरांच्या नाही, यांच्या नाही, माझ्याही नाही. तालमीला शाळेत घरचं वडीलधारं होतं कोण?

मी मंचावर आले. समोर पहिल्या रांगेत, मधोमध, मामाजी. काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेले. माझा हात आपोआप उठला आणि पदर डोक्यावर आला. आला तो आलाच, वर मी सुनेसारखी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. विंगेतून मास्तर दातओठ खात डोक्याकडे खुणा करत होते. मी पदर खाली घेतला. आणि पुन्हा समोर वळले.

आता हे आले. "वर बघ, किती वर्षांनी पाहतोय तुला," असं त्यांचं पहिलं वाक्य. यांनी बापाकडे पाहिलं आणि ते वाक्य गिळलं. खाली मान. अंगठा फळी उकरतोय. मास्तर वाक्य सांगू लागले, आधी हळू, मग मोठ्यानं. शेवटी सगळ्या यात्रेनं ते ऐकलं, एकट्या यांनीच नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "बोल ना बे! घरचीच बायको हाय, खाते काय तुले?"

हशा पिकला. हसं झालं तर पुन्हा नाव नाही, हे मामाजींचे शब्द माझ्या कानात वाजत होते, आणि लोक तर पोट धरून हसत होते. मला यांचा राग आला, मामाजींचा आला, नांदुऱ्याच्या त्या कंपन्यांचाही आला. नाटकात नसलेलं वाक्य मी सगळ्या आवाजानिशी यांच्या तोंडावर फेकलं.

"इतक्या वर्षांनी दारात आलात आणि तोंड उघडत नाही? मग आलात कशाला?"

हशा थांबला. उघड्या डोक्यानं सून नवऱ्यावर ओरडली, ती सासऱ्यादेखत. मामाजी उठले. काठी टेकत, लोक वाट देत होते त्यातून, मागं वळूनही न बघता बाहेर निघून गेले.

संपलं, मला वाटलं. नाटक संपलं, कदाचित या घरातलं माझं राहणंही संपलं. यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. वडील रागावून गेले म्हणून डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि त्या भरल्या गळ्यानं यांनी वाक्य म्हटलं. "वर बघ, किती वर्षांनी पाहतोय तुला." लोकांना वाटलं, काय अभिनय! मग पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचं आलं. समोरची जागा रिकामी होती आणि यांची जीभ सुटली होती. मीही बोलत होते, पण आत एकच चालू होतं, घरी काय वाढून ठेवलंय? शेवटी नाटकातल्या नवऱ्याला घालवून देऊन मी दार लावते, तिथं टाळ्या पडल्या. त्या मला ऐकूच आल्या नाहीत.

घरी येऊन चुलीपुढे बसले आणि भाकऱ्या थापू लागले. मामाजी दिवेलागणीला आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. शेजारी हे. दोघांची मान ताटात. मी डोक्यावर पदर घट्ट ओढून भाकरी वाढत होते आणि सासूबाई उगीचच चुलीतली लाकडं सारत होत्या.  

"तिले सांग," मामाजी म्हणाले. सासूबाईंनी मान वर केली. मी वरणाचं भांडं तसंच धरून उभी राहिले.

"दार लावतानी आवाज खाली गेला तिचा. पडद्यामागं नीट ऐकू नाई आलं."

हे घास हातात धरून बापाकडे बघत राहिले. रंगमंचाच्या मागचा पडदा म्हणजे धान्य झाकायची ताडपत्री होती, आणि तिच्यापलीकडे बैलगाड्या सोडलेल्या होत्या. तिथं, गाडीच्या दांडीवर बसून, मामाजींनी अख्खं नाटक ऐकलं होतं.

"मी उठलो नसतो तं याचं तोंड नसतं उघडलं," ते पुढे म्हणाले. "माह्या बापासमोर मी बी नाई बोललो कदी हिच्यासंगं." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "पुढच्या वर्षी याले नोको घेऊ म्हनाव. हा बैलायचा मानूस हाय."

माझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, वरणाच्या भांड्यात पडलं असेल तर पडलं असेल. आता सासूबाई विचारतील आणि मग मला कळेल, एवढा धीर मला नव्हता.

"मंग कोनासंगं करू?" मी विचारलं. त्या घरात आल्यापासून मामाजींशी थेट बोललेले ते माझे पहिले शब्द.

सासूबाईंचा हात चुलीपाशी थांबला. मामाजींनी मान वर केली आणि सासूबाईंकडे न बघता, माझ्याकडे बघून उत्तर दिलं.

"ज्याले बोलता येते त्याच्यासंगं."